दोन पाट्या

गणिताचा तास आठवा. उर्दूत तुम्ही ज्या विषयाला रियाजी म्हणता, तोच हा विषय. सरांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिले आहे. तुम्ही वहीत डोके खुपसून बसला आहात, पण उदाहरण काही सुटत नाही. शेजारच्या मित्राचे उत्तर मात्र केव्हाच आले आहे. ते कसे आले, असे तुम्ही त्याला विचारता. तो खांदे उडवतो आणि ते तसेच येते, एवढेच सांगतो. त्याला उत्तर ठाऊक आहे, पण वाट सांगता येत नाही. तुम्हाला वाट हवी आहे, पण ती सापडत नाही.

आता सांगा, दोघांपैकी अडचणीत कोण आहे? तुम्ही म्हणाल, ज्याला उत्तर आले नाही तो. पण आज आपण ज्या गणितज्ञाची ओळख करून घेणार आहोत, त्यांची अडचण त्या शेजारच्या मित्रासारखी होती. त्यांना उत्तरे येत. जगात कोणालाही न सुचलेली उत्तरे येत. पण मधल्या पायऱ्या लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांचे सारे काम वाया जाण्याची वेळ आली होती. ते वाचले, ते त्यांच्या शेजारी बसून गणित करणाऱ्या माणसांमुळे. या गणितज्ञांचे नाव श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड या गावी झाला. हे गाव आजच्या तमिळनाडू राज्यात आहे. त्यांचे बालपण मात्र कुंभकोणम या शहरात गेले. वडील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. पगार थोडा होता. आई कोमलतम्माळ मंदिरात भजने गात. घरखर्चाला हातभार लागावा म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना घरात राहायला जागा दिली जाई.

लहानग्या रामानुजनची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वर्गात भागाकार चालला होता. कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागले तर उत्तर एक येते, असे गुरुजींनी सांगितले. तीन फळे तीन मुलांना वाटली तर प्रत्येकाला एकच फळ मिळेल. रामानुजन उभा राहिला आणि त्याने विचारले की शून्याला शून्याने भागले तरी उत्तर एकच येईल का? फळेच नसतील आणि मुलेही नसतील, तर प्रत्येकाला एक फळ कसे मिळेल? साऱ्या वर्गाने ऐकून घेतलेली गोष्ट या मुलाने तपासून पाहिली होती.

घरी राहणारे कॉलेजचे विद्यार्थी हे रामानुजनचे गणितातले पहिले सोबती. तो त्यांच्याजवळ बसे, प्रश्न विचारी, त्यांची उदाहरणे सोडवी. अकरा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याजवळचे सारे गणित त्याने शिकून घेतले. मग त्यांनी त्याला त्रिकोणमितीचे एक मोठे पुस्तक आणून दिले. तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याने ते पुस्तक पचवले. आता मात्र त्याला पुढचे सांगेल असे जवळपास कोणी उरले नाही.

१९०३ साली एका मित्राने त्याला आणखी एक पुस्तक मिळवून दिले. कार नावाच्या इंग्रज शिक्षकाने ते परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी लिहिले होते. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे आणि प्रमेये होती. पण ती का खरी आहेत, हे फारच थोडक्यात सांगितले होते. रामानुजनने एकेक सूत्र घेतले आणि ते स्वतःच्या डोक्याने सिद्ध करायला सुरुवात केली. मग तो स्वतःची नवी सूत्रे शोधू लागला.

कागद महाग होता. म्हणून रामानुजन पाटीवर गणित करीत. लिहायचे, कोपराने पुसायचे, पुन्हा लिहायचे. पाटीवरचे उत्तर तेवढे वहीत उतरायचे. मधल्या पायऱ्या कोपराखाली पुसल्या जात. त्यांचे पुस्तकही तसेच होते आणि पाटीही तशीच. शेजारी बसून ही पायरी कशी आली, असे विचारणारे कोणी नव्हते. त्यामुळे उत्तर लिहिले की काम संपले, अशी त्यांची सवय पडली.

१९०४ साली शाळा संपली, तेव्हा त्यांना गणिताचे बक्षीस मिळाले. कॉलेजसाठी शिष्यवृत्तीही मिळाली. पण रामानुजन यांचे लक्ष गणिताशिवाय कशातच लागेना. बाकीच्या विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या कॉलेजात ते शिकायला गेले. तिथेही दोनदा तेच झाले. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. हातात पदवी नाही, नोकरी नाही, आणि जवळ फक्त सूत्रांनी भरलेल्या वह्या, अशी त्यांची अवस्था झाली. १९०९ साली त्यांचे जानकी यांच्याशी लग्न झाले. आता संसार चालवायचा होता. त्या वह्या घेऊन ते मोठ्या लोकांच्या दारी जाऊ लागले. काहींना त्या वह्या अद्भुत वाटल्या, पण त्या पूर्ण समजल्या कोणालाच नाहीत.

१९११ साली त्यांचा पहिला लेख भारतीय गणित परिषदेच्या मासिकात छापून आला. पण तोही सहज नाही. लेखातल्या पायऱ्या इतक्या तुटक होत्या की संपादकांना तो पुन्हा लिहून घ्यावा लागला.

१९१२ च्या मार्च महिन्यात रामानुजन यांना मद्रासच्या बंदराच्या कचेरीत कारकुनाची नोकरी मिळाली. पगार महिना ३० रुपये. याच कचेरीत नारायण अय्यर नावाचे वरिष्ठ अधिकारी होते. ते हिशेबाचे काम पाहत आणि स्वतः गणिताचे जाणकार होते. आपल्या हाताखालचा हा तरुण कारकून साधा नाही, हे त्यांनी ओळखले.

मग एक नवीनच क्रम सुरू झाला. दिवसभर कचेरीचे काम झाले की रात्री हे दोघे एकत्र बसत. प्रत्येकाच्या मांडीवर एक मोठी पाटी. रात्री उशिरापर्यंत दोन पाट्यांवर पेन्सिली चालत. कचेरीत एक साहेब आणि दुसरा कारकून होता. पाट्या हातात घेतल्या की दोघे केवळ गणिताचे सोबती होत.

नारायण अय्यर यांना गणित चांगले येत असे, पण रामानुजन यांच्या वेगाने त्यांना धावता येत नसे. रामानुजन पहिली पायरी लिहीत आणि एकदम अकरावी लिहीत. मधल्या नऊ पायऱ्या त्यांच्या डोक्यात असत. दुसरा कोणी असता तर मान डोलावून गप्प बसला असता. आपल्याला समजले नाही हे सांगायला माणसाला लाज वाटते, आणि इथे तर हाताखालच्या कारकुनाला सांगायचे होते. नारायण अय्यर यांनी लाज बाळगली नाही. ते रामानुजन यांना थांबवत. मला हे समजले नाही, असे सरळ सांगत. माझ्यासारख्यालाही जे समजत नाही, ते परीक्षा घेणारे मोठे गणितज्ञ कसे मान्य करतील, असे ते विचारत. तुझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये निदान दहा पायऱ्या लिही, असा त्यांचा आग्रह असे.

मित्रांनो, इथे जरा थांबा आणि विचार करा. या दोघांत गणिताची बुद्धी कोणाची मोठी होती? अर्थातच रामानुजन यांची. तरीही न समजणाऱ्या सोबत्याने समजणाऱ्याला मोठी मदत केली. आपल्या डोक्यातले दुसऱ्यापर्यंत पोचवावे लागते, आणि ते पोचवताना आपली चूकही आपल्यालाच दिसते, हा धडा रामानुजन यांना त्या दुसऱ्या पाटीमुळे मिळू लागला.

नारायण अय्यर आणि इतर हितचिंतकांनी रामानुजन यांना इंग्लंडमधल्या गणितज्ञांना पत्र लिहायला सांगितले. पहिल्या प्रयत्नांना यश आले नाही. मग १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील प्रसिद्ध गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र पाठवले. सोबत आपल्या सूत्रांची अनेक पाने जोडली. पत्रात सिद्धता जवळजवळ नव्हत्याच.

हार्डी यांना प्रथम वाटले की कोणीतरी आपली फसवणूक करीत आहे. पण ती सूत्रे त्यांच्या डोक्यातून जाईनात. तेव्हा त्यांनी काय केले? तेही एकटे बसले नाहीत. लिटलवुड नावाचे त्यांचे सहकारी होते. हे दोघे वर्षानुवर्षे जोडीने गणित करीत. त्या रात्री हार्डी आणि लिटलवुड ती पाने समोर ठेवून बसले. काही सूत्रे आधीपासून ठाऊक होती, काही चुकीची होती, आणि काही अशी होती की तशी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पाने लिहिणारा माणूस फसवा नसून फार मोठा गणितज्ञ आहे, असे दोघांचे मत झाले. हार्डी यांनी उत्तर पाठवले आणि सिद्धता मागितल्या. नारायण अय्यर जे मागत होते, तेच हार्डी मागत होते, ते म्हणजे मधल्या पायऱ्या.

आता मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. हार्डी यांनी त्यांना केंब्रिजला बोलावले. पण त्या काळी समुद्र ओलांडणे त्यांच्या घराण्यात धर्माविरुद्ध समजले जाई. घरातून विरोध होता. अखेर आईने परवानगी दिली आणि १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन यांचे जहाज मद्रासहून निघाले.

केंब्रिजमध्ये हार्डी आणि रामानुजन यांची जोडी जमली. दोघे अगदी वेगळे. हार्डी यांना प्रत्येक पायरी सिद्ध झालेली हवी असे. रामानुजन यांना उत्तर आधी दिसे. संख्या कशा वागतात याचा त्यांना जणू वास येई. पण त्यांच्याकडून चुकाही झाल्या होत्या. मूळ संख्यांविषयी त्यांनी पत्रात मोठा दावा केला होता. तो चुकीचा ठरला. पायऱ्या तपासल्या नाहीत तर मोठी बुद्धीही फसते, हे त्यावरून दिसले.

हार्डी यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. रामानुजन यांना नवे गणित आणि सिद्धतेची शिस्त शिकवायची होती. पण फार शिस्त लावली तर त्यांची सूत्रे सुचण्याची शक्तीच मावळली तर? म्हणून हार्डी यांनी त्यांना विद्यार्थ्यासारखे बाकावर बसवले नाही. दोघे रोज भेटत. रामानुजन रोज नवी प्रमेये घेऊन येत. हार्डी प्रश्न विचारत आणि दोघे मिळून उत्तर शोधत. पुढे हार्डी यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले की रामानुजन त्यांच्याकडून जेवढे शिकले, त्यापेक्षा कितीतरी जास्त ते स्वतः रामानुजन यांच्याकडून शिकले.

या जोडीचे सर्वांत गाजलेले काम तुम्हालाही समजेल. ४ ही संख्या घ्या. ती बेरजेच्या रूपात किती प्रकारे लिहिता येते? ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. म्हणजे पाच प्रकारे. ५ ही संख्या सात प्रकारे लिहिता येते. ६ चे प्रकार तुमच्या जोडीदाराबरोबर लिहून पाहा. ते अकरा भरले पाहिजेत. दहा आले तर एकमेकांची वही तपासा.

खेळ सोपा वाटतो, पण पुढे तो हाताबाहेर जातो. १०० या संख्येचे १९,०५,६९,२९२ प्रकार होतात. अशा मोठ्या संख्यांसाठी सूत्र मिळेल का? बहुतेकांना ते अशक्य वाटत होते. चांगले सूत्र नक्की आहे, असा रामानुजन यांचा विश्वास होता. ते सिद्ध करण्याची साधने हार्डी यांच्याजवळ होती. मॅकमॅहन नावाच्या तिसऱ्या गणितज्ञाने २०० पर्यंतच्या संख्यांचे प्रकार हाताने मोजले. २०० चे उत्तर सुमारे चार लाख कोटी आले. रामानुजन आणि हार्डी यांनी आपल्या सूत्राने तेच उत्तर काढले, तेव्हा फरक एक शतांशाहूनही कमी पडला. १९१८ साली हे काम दोघांच्या नावाने छापले गेले. रामानुजन एकटे असते तर ते सिद्ध झाले नसते, आणि हार्डी एकटे असते तर ते सुचले नसते.

केंब्रिजमधला आणखी एक प्रसंग ऐका. प्रशांतचंद्र महालनोबीस हे तेव्हा तिथे शिकत होते. पुढे ते मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले आणि १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. एकदा ते रामानुजन यांच्याकडे जेवायला गेले. रामानुजन शाकाहारी होते आणि स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत. ते चुलीवरच्या पातेल्यात ढवळत होते. महालनोबीस मासिक वाचत बसले होते. मासिकात एक कोडे होते.

एका रस्त्यावर ओळीने घरे आहेत. त्यांना १, २, ३ असे क्रमांक आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज त्याच्या उजवीकडील सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकी आहे. घरे ५० पेक्षा जास्त आणि ५०० पेक्षा कमी आहेत. तर घरे किती आणि त्या घराचा क्रमांक कोणता?

महालनोबीस यांनी आकडे घालून पाहत काही मिनिटांत उत्तर काढले. घरे २८८ आणि घराचा क्रमांक २०४. मग त्यांनी ते कोडे मोठ्याने वाचून रामानुजन यांना घातले. रामानुजन यांनी पातेले ढवळता ढवळता उत्तर सांगितले. पण ते एका रस्त्याचे उत्तर नव्हते. असे जितके रस्ते असू शकतील, त्या सर्वांची उत्तरे एकामागून एक देणारी अपूर्णांकांची साखळी त्यांनी सांगितली. महालनोबीस यांनी उत्तर तर काढले होते, पण त्या उत्तरामागे आणखी किती उत्तरे उभी आहेत, हे त्यांना मित्रामुळे कळले.

तुम्ही हे कोडे छोट्या रस्त्यावर सोडवून पाहा. आठ घरे घ्या. सहाव्या घराच्या डावीकडे १+२+३+४+५ म्हणजे १५, आणि उजवीकडे ७+८ म्हणजेही १५. यापुढचा असा रस्ता किती घरांचा असेल, ते जोडीने शोधा. तो ५० घरांहून लहान आहे, एवढेच सांगतो.

रामानुजन यांचे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. महायुद्ध चालू होते. थंडी आणि खाण्यापिण्याचे हाल यांमुळे प्रकृती ढासळली. १९१७ पासून ते पुन्हा पुन्हा रुग्णालयात राहू लागले. १९१८ साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. हा फार मोठा मान होता. त्याच वर्षी ते ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले.

हार्डी त्यांना भेटायला रुग्णालयात जात. एकदा ते टॅक्सीने आले. टॅक्सीचा क्रमांक १७२९ अगदी नीरस होता, असे ते सहज बोलले. रामानुजन यांनी लगेच सांगितले की तो फार गमतीचा आहे. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ चा घन आणि १२ चा घन मिळवा, किंवा ९ चा घन आणि १० चा घन मिळवा, उत्तर १७२९ च येते. आजारपणातही दोघांचा संवाद गणितातच चालत होता.

युद्ध संपल्यावर २७ मार्च १९१९ रोजी रामानुजन मुंबई बंदरात उतरले. तिथून ते मद्रासला गेले. प्रकृती सुधारली नाही. तरीही त्यांची पाटी थांबली नाही. १९२० च्या जानेवारीत त्यांनी हार्डी यांना पत्र लिहून आपला एक अगदी नवा शोध कळवला. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वह्या मागे राहिल्या. त्यांत हजारो सूत्रे होती आणि मधल्या पायऱ्या फारच थोड्या. १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या वह्या जशाच्या तशा छापल्या. १९७६ साली अमेरिकेचे गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात रामानुजन यांच्या शेवटच्या काळातील कागद सापडले. त्या कागदांतील सूत्रांच्या पायऱ्या लिहिण्याचे काम अँड्र्यूज आणि ब्रूस बर्न्ट यांनी जोडीने केले. २००५ ते २०१८ या काळात त्यांचे पाच खंड निघाले. पुसल्या गेलेल्या पायऱ्या शोधायला एवढी वर्षे लागली. २०१२ पासून २२ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, रामानुजन यांच्यासारखी बुद्धी सर्वांना मिळत नाही. पण दोन पाट्यांची रीत आपल्या सर्वांच्या हाती आहे. एकाने उदाहरण सोडवावे आणि प्रत्येक पायरी मोठ्याने सांगावी. दुसऱ्याने लक्ष देऊन ऐकावे आणि जिथे समजले नाही, तिथे लगेच थांबवावे. पुढच्या उदाहरणाला कामे बदलावीत. एकाने सोडवायचे आणि दुसऱ्याने उतरवून घ्यायचे, याला जोडीने शिकणे म्हणत नाहीत. त्यात एकच पाटी चालते.

तुम्हाला गणित चांगले येत असेल, तर शेजारच्याला सांगताना कंटाळू नका. आणि येत नसेल, तर नारायण अय्यर यांची आठवण ठेवा. समजले नाही असे सांगायला लाजू नका. तुमच्या त्या एका प्रश्नामुळे तुमच्या मित्राची एखादी पायरी पुसली जायची राहील.